पाच ओळींचा बाजार

बाजार चालू असताना एखाद्या शेअरचा भाव विचारला, तर त्याची तीन उत्तरं असतात. पहिलं, शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो. दुसरं, या क्षणी कुणीतरी ज्या भावाला घ्यायला तयार आहे तो. तिसरं, कुणीतरी ज्या भावाला द्यायला तयार आहे तो. ॲपवर मोठ्या अक्षरांत हिरवा-लाल होत राहतो तो पहिला भाव, आणि इन्ट्राडेला नव्याने उतरलेल्या माणसाला सगळ्यांत कमी उपयोग होतो तोही त्याचाच. तो सौदा दुसऱ्या कुणाचा तरी होता आणि होऊन गेला. तुम्ही बटण दाबाल तेव्हा तुमचा सौदा उरलेल्या दोन भावांपैकी एकाला होईल. ते दोन भाव पाहायचे तर शेअरच्या नावावर बोट ठेवून ‘मार्केट डेप्थ’ उघडावी लागते.

गिरगावात, दादरला, लालबाग-परळला सव्वानऊच्या ठोक्याला फोन हातात घेऊन बसणारी मुलंमुली आज घरोघरी आहेत. त्यांतल्या बहुतेकांना चार्ट येतो. कँडल, मूव्हिंग ॲव्हरेज, सपोर्ट, रेझिस्टन्स तोंडपाठ असतं. डेप्थ मात्र क्वचितच कुणी उघडतं. चार्टमध्ये झालेले सौदे दिसतात, डेप्थमध्ये अजून न झालेले. रोज घेऊन रोज विकणाऱ्याचे पैसे या न झालेल्या सौद्यांमध्ये जातात किंवा वाचतात, आणि म्हणून ही यादी सावकाशीने समजून घ्यायला हवी.

सामान्य माणसाला ही यादी दिसायला लागली त्याला फार काळ लोटलेला नाही. एकोणिसाव्या शतकात टाउन हॉलसमोर वडाच्या झाडाखाली जमणाऱ्या दलालांनी १८७५ मध्ये आपली संघटना बांधली आणि तिचाच पुढे मुंबई शेअर बाजार झाला. १९९५ पर्यंत दलाल स्ट्रीटवरच्या रिंगणात सौदे तोंडी होत. तिथे जॉबर उभे असत, त्यांना ‘तारवणीवाला’ म्हणत. दलालाने विचारलं की तारवणीवाला दोन भाव सांगे : इतक्याला घेतो, इतक्याला देतो. मधला फरक ही त्याची कमाई. बाजारात माल किती आहे, कुणाला घाई आहे, कुठल्या भावाला घेणारे दबा धरून आहेत, हा सगळा अंदाज रिंगणातल्या माणसांच्या डोक्यात असे. गिरगावातल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात भाव दिसे. दलालाने लावलेला भाव खरोखर त्या वेळचा होता का, हे ताडून पाहायची त्याला सोय नव्हती.

नोव्हेंबर १९९४ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने वरळीहून शेअरचे संगणकावरचे व्यवहार सुरू केले. रिंगण नाही, आरडाओरडा नाही. गावोगावच्या दलालांच्या ऑर्डरी उपग्रहामार्फत एका संगणकात येणार आणि तो त्या जुळवणार. १४ मार्च १९९५ ला मुंबई शेअर बाजारानेही ‘बोल्ट’ ही आपली यंत्रणा सुरू केली. जी माहिती आधी रिंगणातल्या मोजक्या लोकांची मक्तेदारी होती तिचा वरचा भाग पडद्यावर आला आणि आता तो लालबागच्या चाळीतल्या फोनवर फुकट दिसतो. हा मला फार मोठा बदल वाटतो. म्हणूनच नवीन ट्रेडर या यादीकडे न पाहता ऑर्डर घालतो तेव्हा मनापासून वाईट वाटतं.

आता एक डेप्थ जवळून पाहू. शेअर काल्पनिक, आकडेही काल्पनिक. पण मधल्या आकाराच्या कंपनीची डेप्थ सकाळी अकराच्या सुमारास साधारण अशी दिसते. शेवटचा भाव ४१२.३० आहे असं धरा.

घेणारे (बिड)
४१२.२० : ४ ऑर्डरी, ३४० शेअर
४१२.१५ : ९ ऑर्डरी, १,१२० शेअर
४१२.०५ : ५ ऑर्डरी, ५६० शेअर
४१२.०० : ६१ ऑर्डरी, ६,८५० शेअर
४११.९० : ३ ऑर्डरी, २७५ शेअर

देणारे (ऑफर)
४१२.४५ : २ ऑर्डरी, १५० शेअर
४१२.५० : १२ ऑर्डरी, ९०० शेअर
४१२.६० : ४ ऑर्डरी, ४१० शेअर
४१२.८० : ३ ऑर्डरी, २६५ शेअर
४१३.०० : ४८ ऑर्डरी, ५,४०० शेअर

घेणाऱ्यांत सगळ्यांत जास्त भाव देणारा वर असतो, देणाऱ्यांत सगळ्यांत कमी मागणारा. म्हणजे दोन्हीकडच्या पहिल्या ओळी एकमेकींच्या सगळ्यांत जवळ आलेल्या. तरी त्या भेटलेल्या नाहीत. ४१२.२० आणि ४१२.४५ यांच्यात २५ पैशांचं अंतर आहे. या अंतराला स्प्रेड म्हणतात. रिंगणात तारवणीवाला ज्यावर पोट भरायचा तो हाच फरक. मोठ्या, रोज प्रचंड उलाढाल असलेल्या शेअरमध्ये तो बहुधा एखाद-दोन पायऱ्यांचा असतो. पायरी म्हणजे भाव कमीत कमी जितक्याने हलू शकतो तो टप्पा. सध्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर (एनएसई) २५० रुपयांखालच्या शेअरला ती एक पैशाची आहे आणि त्यावर हजारापर्यंत पाच पैशांची. आपल्या शेअरमध्ये २५ पैसे, म्हणजे पाच पायऱ्यांचं अंतर आहे. एवढ्यावरूनच हा शेअर घाईने घेण्या-विकण्याजोगा नाही, हे कळायला हवं.

जुळवणीचा नियम सोपा आहे : पहिला मान भावाला, भाव सारखा असेल तर वेळेला. ४१२.०० ला ६१ ऑर्डरी उभ्या आहेत. त्याच भावाला तुम्ही १०० शेअरची ऑर्डर घातली तर तुमचा नंबर बासष्टावा. तुमच्यापुढे वरच्या तीन ओळींतले २,०२० आणि या ओळीतले ६,८५०, मिळून ८,८७० शेअर आहेत. एवढ्यांना कुणी तरी विकेपर्यंत, किंवा ते आपणहून बाजूला होईपर्यंत, तुम्हाला शेअर मिळणार नाही. ‘भाव ४१२ ला लागून आला आणि माझी ऑर्डर भरलीच नाही’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. त्यात ब्रोकरचा दोष नसतो, भाव आला तो रांगेच्या पुढच्या माणसांपर्यंतच. आणखी एक : उभ्या ऑर्डरीचा भाव बदलला किंवा संख्या वाढवली की जुना नंबर जातो. संख्या कमी केली तर नंबर राहतो.

४१२.०० आणि ४१३.०० या दोनच ओळींत एवढी गर्दी का? माणसं गोल आकड्याला ऑर्डर घालतात, एवढंच. अनुभवी ट्रेडर गोल आकड्याच्या एक पायरी पुढे उभा राहतो. ४१२.०५ वर फक्त पाच ऑर्डरी आहेत. पाच पैसे जास्त दिले की ६१ जणांची रांग मागे पडते.

आता या डेप्थमध्ये नवीन माणूस काय करतो ते पाहा. इन्ट्राडेत ब्रोकर जास्तीत जास्त पाचपट व्यवहार करू देतो, त्यामुळे सव्वा लाख रुपयांत या शेअरचे १,५०० नग घेता येतात. तो ४१२.३० हा भाव बघतो, संख्या १,५०० टाकतो आणि ‘मार्केट ऑर्डर’ने घेतो. मार्केट ऑर्डर म्हणजे मिळेल त्या भावाला द्या. संगणक सांगितलेलं काम चोख करतो. पहिले १५० शेअर ४१२.४५ ने, पुढचे ९०० ४१२.५० ने, मग ४१० शेअर ४१२.६० ने, आणि राहिलेले ४० ४१२.८० ने. दसऱ्याच्या आदल्या पहाटे दादरच्या फुलबाजारात एका विक्रेत्याकडचा स्वस्त झेंडू संपला की उरलेल्यासाठी पुढच्या, महागड्या टोपलीकडे जावं लागतं, तसंच हे. एकूण बिल ६,१८,७९५ रुपये ५० पैसे. सरासरी भाव ४१२.५३. पडद्यावर ४१२.३० दिसत असताना त्याला एकही शेअर त्या भावाला मिळाला नाही.

त्याच क्षणी मन बदलून त्याने ते सगळे विकले, आणि घेणाऱ्यांची बाजू मघासारखीच असली, तर ३४० शेअर ४१२.२० ने, १,१२० शेअर ४१२.१५ ने आणि ४० शेअर ४१२.०५ ने जातील. हातात ६,१८,२३८ रुपये. बाजार जागचा हललेला नाही आणि ५५७ रुपये ५० पैसे गेले. त्यावर विक्रीच्या रकमेवर ०.०२५ टक्के एसटीटी (शेअरच्या व्यवहारावरचा कर), म्हणजे सुमारे १५५ रुपये. खरेदीवर ०.००३ टक्के मुद्रांक शुल्क, सुमारे १९ रुपये. शिवाय दोन्ही वेळची दलाली, एक्स्चेंजचं शुल्क आणि त्यांवरचा जीएसटी. भाव शेअरमागे पन्नास पैशांहून जास्त चढेल तेव्हा कुठे मुद्दल हाती येईल. दिवसातून असे आठ-दहा सौदे करणाऱ्याने हा हिशोब एकदा कागदावर मांडून बघावा. बाजाराची दिशा बरोबर ओळखूनही महिन्याच्या शेवटी खातं का रोडावतं, याचं उत्तर त्या कागदावर मिळेल.

मार्केट ऑर्डर किती खोल जाऊ शकते, याचं मुंबईतलंच उदाहरण आहे. ५ ऑक्टोबर २०१२ च्या सकाळी निफ्टी क्षणार्धात ५,८०० च्या आसपासवरून ४,९०० च्या खाली घसरला. त्या दिवशी कुठलंही युद्ध सुरू झालं नव्हतं की सरकार पडलं नव्हतं. एमके ग्लोबल या दलाल पेढीच्या डीलरकडून निफ्टीतले शेअर विकण्याच्या ५९ ऑर्डरी चुकीच्या गेल्या होत्या, साडेसहाशे कोटी रुपयांहून अधिक किमतीच्या. त्या ऑर्डरींनी वरच्या ओळीतले घेणारे संपवले, मग त्याखालचे, मग त्याखालचे. देशातल्या सगळ्यांत मोठ्या कंपन्यांच्या डेप्थलाही तळ असतो, हे त्या दिवशी दिसलं. व्यवहार काही मिनिटं थांबवावे लागले. चूक पेढीची होती आणि नुकसानही मुख्यतः तिनेच सोसलं. आपल्याला त्यातून घ्यायचं ते इतकंच : भाव पाडायला वाईट बातमी लागतेच असं नाही. समोरच्या बाजूला जितकी संख्या उभी आहे तिच्याहून मोठी ऑर्डर पुरते.

यावर उपाय लिमिट ऑर्डरचा. ‘४१२.५० पर्यंत घ्या, त्यावर नको’ असं सांगितलं की आपल्या डेप्थमध्ये १,०५० शेअर लगेच मिळतील आणि उरलेले ४५० तुमच्या नावाने घेणाऱ्यांच्या बाजूला सगळ्यांत वर उभे राहतील. मग विकणाऱ्याला तुमच्या भावाला यावं लागेल. कदाचित येणार नाही, भाव पळून जाईल. नवीन माणसाला या हुकलेल्या सौद्याची फार भीती वाटते. माझ्या मते ती भीती महागात पडते. हुकलेल्या सौद्यात पैसे जात नाहीत.

स्टॉपलॉसबद्दल एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. स्टॉपलॉस ऑर्डर ट्रिगरचा भाव येईपर्यंत या यादीत नसतेच, ती वेगळी बाजूला ठेवलेली असते. ट्रिगर लागला की ती यादीत येते, आणि मार्केट प्रकारची असेल तर समोर जे असेल ते घेत सुटते. पातळ डेप्थच्या शेअरमध्ये ४०८ चा स्टॉपलॉस ४०६ ला भरला गेला, तर ते ट्रिगरखालच्या ओळी रिकाम्या असल्यामुळे. स्टॉपलॉस लावताना त्या भावाच्या आसपास घेणारे किती आहेत हे पाच ओळींत नेहमी दिसणार नाही. पण वरच्या ओळी विरळ असतील तर खालच्या दाट असतील अशी आशा धरू नये.

डेप्थवर किती विश्वास ठेवायचा, हा यातला सगळ्यांत अवघड भाग. तळाशी ‘एकूण खरेदी’ आणि ‘एकूण विक्री’ असे दोन मोठे आकडे असतात. घेणारे जास्त म्हणजे भाव चढणार, असा अर्थ लावायचा मोह होतो. तो बाजूला ठेवा. त्या आकड्यांत चालू भावापासून कितीतरी लांब, सौदा होण्याची शक्यताच नसलेल्या ऑर्डरीही मोजलेल्या असतात. उलट बाजूने, मोठी ऑर्डर सगळी दाखवावीच लागते असंही नाही. ‘डिस्क्लोज्ड क्वांटिटी’ची सोय वापरून ऑर्डरचा किमान दहा टक्के भाग दाखवला तरी चालतो. ४१२.४५ ला दिसणारे १५० शेअर हे १,५०० चं टोक असू शकतं. ते संपले की त्याच भावाला पुन्हा १५० उगवतात, पुन्हा संपतात, पुन्हा उगवतात. असं दिसलं की समजावं, तिथे मोठा विकणारा बसला आहे.

आणि दिसणारी ऑर्डर खरी असेल याचीही हमी नाही. घेण्याची इच्छा नसताना खालच्या भावांवर मोठमोठ्या ऑर्डरी लावायच्या, लोकांना मागणी आहे असं भासवायचं, त्या भासावर आपला माल वरच्या भावाला विकायचा आणि मग त्या ऑर्डरी रद्द करायच्या. याला स्पूफिंग म्हणतात आणि तो गुन्हा आहे. एप्रिल २०२५ मध्ये बाजार नियामक सेबीने एका दलाल पेढीविरुद्ध याच कारणासाठी अंतरिम आदेश काढला होता. आपल्या पातळीवर ओळखायची खूण एकच : भाव जवळ येताना ती संख्या काय करते ते पाहा. ४१२.०० चे ६,८५० शेअर, सौदे ४१२.०० ला होत असताना ६,२००, ५,४००, ४,१०० असे उतरत गेले, तर तिथे खरा घेणारा आहे. भाव ४१२.०५ ला आल्याबरोबर ६,८५० चे एकदम ९०० झाले आणि मध्ये सौदेच झाले नाहीत, तर ती ऑर्डर कुणी तरी काढून घेतली. यासाठी ‘ऑर्डरी’ हा रकाना फार कामाचा. ६१ ऑर्डरींचे ६,८५० शेअर एकदम नाहीसे होणं अवघड. एका ऑर्डरीचे ६,८५० एका बोटाने जातात.

फोनवर दिसतं ते बाजाराच्या अगदी ताज्या स्थितीचं चित्र असतं, पण थांबून थांबून काढलेलं. दोन चित्रांच्या मध्ये कितीतरी ऑर्डरी येऊन जातात. ज्यांचे संगणक एक्स्चेंजच्या सर्व्हरशेजारीच ठेवलेले आहेत त्यांना प्रत्येक ऑर्डर दिसते. म्हणून क्षणाक्षणाच्या पाच-दहा पैशांच्या खेळात त्यांच्याशी स्पर्धा करू नये. आपल्याला डेप्थ वेगासाठी नको आहे. शेअर किती जाड आहे, स्प्रेड किती आहे आणि आपली संख्या त्यात मावते का, हे पाहण्यासाठी हवी आहे. त्यासाठी फोन पुरेसा आहे. ऑर्डर घालण्याआधी एक्स्चेंज कुठलं निवडलंय हेही बघा. एनएसई आणि बीएसई (मुंबई शेअर बाजार) यांच्या याद्या पूर्ण वेगळ्या असतात आणि एकाच शेअरची एकीकडे जाड असलेली डेप्थ दुसरीकडे अगदी विरळ असू शकते.

सकाळी नऊ ते सव्वानऊचा वेळ वेगळा. २०१० पासून तिथे ऑर्डरी आधी गोळा होतात आणि ज्या भावाला सगळ्यांत जास्त शेअरांचे सौदे जुळतील तो भाव ठरतो. तोवर तो बदलत राहतो, म्हणून नऊ वाजून दोन मिनिटांनी दिसणाऱ्या भावावरून काहीही ठरवू नका.

सर्किटबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण इथे माणूस अडकतो. अनेक शेअरना दिवसाला २, ५, १० किंवा २० टक्क्यांची मर्यादा असते. वरचं सर्किट लागलं की देणाऱ्यांची बाजू कोरी होते आणि कमाल भावाला घेणाऱ्यांची हजारोंची रांग लागते. तुम्ही सकाळी ‘आधी विक, मग घे’ असा सौदा केला असेल, तर आता घ्यायचं कुणाकडून? मार्केट ऑर्डर घाला नाहीतर लिमिट, समोर कुणी नाही. ब्रोकरची यंत्रणा सव्वातीननंतर आपोआप सौदा बंद करायला जाते, तिलाही शेअर मिळत नाहीत. मग तुम्ही विकलेले पण हाती नसलेले शेअर एक्स्चेंजच्या लिलावातून घेतले जातात आणि त्या भावाचा भुर्दंड तुमच्या माथी येतो. ज्या शेअरची डेप्थ पातळ आहे आणि ज्याला ठरीव सर्किट आहे, त्यात नवीन माणसाने आधी विकण्याचा सौदा करूच नये. या बाबतीत मला दुसरं मत नाही.

सेबीने जुलै २०२४ मध्ये इन्ट्राडेचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२-२३ या वर्षात शेअरमध्ये इन्ट्राडे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जण तोट्यात होते. वर्षात पाचशेहून जास्त सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण ऐंशी टक्के होतं. तोट्यात गेलेल्यांनी तोट्याच्या ५७ टक्के इतकी रक्कम वरून खर्चापायी भरली. तीस वर्षांखालच्यांचा वाटा चार वर्षांत १८ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेला होता. ही आपल्याच आजूबाजूची मुलं आहेत, पहिल्या-दुसऱ्या पगाराचे पैसे घेऊन आलेली.

त्यांना एक विनंती. पहिले काही दिवस एक रुपयाही न लावता एकच शेअर निवडा आणि सव्वानऊ ते साडेदहा फक्त त्याची डेप्थ उघडून बसा. स्प्रेड कधी आकसतो, कधी फाकतो, कुठल्या ओळी खऱ्या ठरतात, कुठल्या पळतात, ते वहीत लिहा. मग पहिली ऑर्डर घाला. ती लिमिटची असू द्या आणि संख्या समोरच्या पहिल्या ओळीत मावेल एवढीच ठेवा.